गिअरच्या ढिल्या दांड्याविषयीं



रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली मालमोटार साखरपा सोडून आंबा घाट चढूं लागली, कीं चालकाचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून क्वचितच उठतो. वळण आलें, चढ वाढला, समोरून एस. टी. आली, कीं दांडा हललाच. मिरकरवाड्याची मासळी असो, हापूसच्या पेट्या असोत वा जांभ्याचे चिरे असोत, सारा भार या एका दांड्याच्या आज्ञेंत चालतो. तोच दांडा खिळखिळा झाला आणि दुसरा गिअर म्हणून ओढला असतां मधल्या पोकळींत लोंबकळूं लागला, तर उतारावर काय होतें, हें घाटांत गाडी हांकणारांस सांगावयास नको. गिअर लागला नाहीं म्हणजे इंजिनाची गाडी रोखून धरण्याची शक्ति गेली. मग सारा ताण ब्रेकांवर येतो. ब्रेक तापतात, आणि अति तापलेला ब्रेक धरीत नाहीं.

हा ढिलेपणा येतो कोठून? पुढें लांब नाक असलेल्या जुन्या मालमोटारींत दांडा बहुधा थेट गिअरबॉक्सच्या झांकणांत उतरलेला असे. टाटा आणि डेमलर-बेंझ यांच्या करारानें 1954 सालापासून जमशेदपूरच्या गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांचें तें नाक पुष्कळांस आठवत असेल. पुढें चालकाची बैठक इंजिनाच्या वर वा पुढें सरकली. गिअरबॉक्स मागें व खालीं राहिला. मधलें अंतर भरून काढण्यास लोखंडी सळ्या किंवा तारेच्या केबली आल्या, आणि प्रत्येक सांध्यांत नायलॉनचा वा रबराचा लहानसा बुश बसला. हा बुश झिजतो. आपल्याकडे चार महिने पावसाचें पाणी, तांबडा चिखल आणि किनाऱ्याची खारी हवा, म्हणजे तो अंमळ लवकरच झिजतो.

झीज थोडी असली तरी हाताला ती मोठी जाणवते. टेकूच्या खालीं दांडा 10 सेंटिमीटर आणि वर 50 सेंटिमीटर असेल, तर खालच्या सांध्यांतली 2 मिलिमीटरांची सैलता मुठीशीं 10 मिलिमीटर होते. असे दोन-तीन सांधे एकदम सैल झाले, कीं तिसरा गिअर कोठें आणि पहिला कोठें, याचा मेळ राहत नाहीं.

दुरुस्तीपूर्वी दोष नेमका कोठें आहे तें पाहावें. येथेंच बहुतेकांची घाई नडते. गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करावें, हातब्रेक ओढून चाकांपुढें व मागें दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखालीं कोणीं कधींहि शिरूं नये. मग एकानें दांडा हलवावा व दुसऱ्यानें सांधे न्याहाळावेत. दांडा हलतो पण सळई हलत नाहीं, अशी जागा सांपडली, कीं चोर सांपडला. नुसती मूठच फिरत असेल, तर आट्यांवर नळकामाची पांढरी टेप चार वेढे गुंडाळून ती पुन्हां घट्ट करावी. इंजिन चालू असतां दांडा थरथरतो आणि बंद असतां स्थिर असतो, तर सांध्यांकडे न पाहतां इंजिन ज्या रबरी बैठकांवर ठेवलेलें असतें त्या तपासाव्या.

बुश झिजला असेल आणि नवा हाताशीं नसेल, तर घरांतील वस्तूंपैकीं कोणती घ्यावी? सायकलची जुनी ट्यूब वा चपलेचा तुकडा हें सर्वांस प्रथम सुचतें. मला ते उपाय पसंत नाहींत. रबर दबतें, आणि नैसर्गिक रबर तेल-ग्रीसनें फुगून मऊ पडतें. काथ्या तर चिखल शोषून घेतो. त्यापेक्षां पाण्याच्या जाड प्लास्टिक नळीचा तुकडा बरा. भोकांत जेमतेम शिरेल अशी नळी घ्यावी, सांध्याच्या जाडीइतकीच कापावी, लागल्यास एका बाजूनें उभी चिरावी, आंतून-बाहेरून ग्रीस लावून बसवावी. दोन्ही अंगांस खाद्यतेलाच्या प्लास्टिक डब्यांतून कापलेल्या चकत्या व त्यांवर लोखंडी वाशेर द्यावे. हें प्लास्टिक गुळगुळीत आणि चिवट असतें. तेलानें बिघडत नाहीं. (1943 ते 1947 या सालांचा, मध्यें भोंक असलेला पैसा अजून एखाद्या पेटींत सांपडतो. वाशेर म्हणून त्याची आठवण येते खरी. पण आज त्याला संग्राहक अधिक मोल देतील!) सांधा रोखणारी स्प्लिट पिन मात्र नवीच घालावी. तिच्या जागीं पिळलेली तार पाली वा साखरपा येथील गॅरेजपर्यंत पोहोंचण्यापुरतीच समजावी. सारा खर्च चहा-भज्यांच्या खर्चाहून फारसा अधिक नाहीं.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सर्व गिअर व उलटा गिअर लावून पाहावेत. नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी फिरवावी. भरलेली गाडी घेऊन थेट घाटांत परीक्षा पाहूं नये. सांधे घट्ट असूनहि चालतां चालतां गिअर आपोआप सुटत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या आंत आहे: दांते, आंतील काटा किंवा स्प्रिंग झिजलेली आहे. तेथें नळीहि चालत नाहीं आणि तारहि नाहीं. बॉक्स उघडावाच लागतो. सळईचें वेल्डिंग तडकलें असेल तरीहि तसेंच.

नळीचा बुश किती दिवस टिकेल, हें गाडी, भार आणि रस्ता यांवर अवलंबून आहे. दुसऱ्या दिवशीं एकदां आणि पुढें दर आठवड्यास बॅटरी लावून तो पाहावा. कडा फाटलेली दिसली, किंवा दांडा पुन्हां हलूं लागला, कीं तुकडा फेकून द्यावा आणि कारखान्याचा बुश घालावा. तो मिळेपर्यंत आंबा घाटाची खेप दुसऱ्या गाडीवर सोपवावी.