घातक कचऱ्याच्या सफाईचा खर्च कोणाचा?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपले वनवैभवाचे जिल्हे. चंद्रपुरात कोळसा, वीज, सिमेंट व कागद यांचे उद्योग उभे राहिले. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजामुळे उद्योगाचे पाऊल पडले आहे. उद्योगांनी रोजगार दिला, हे निःसंशय. परंतु २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा ८३.८८ निर्देशांकासह चंद्रपूर देशात चौथे अतिप्रदूषित क्षेत्र ठरले. जमिनीत मुरलेले विष काढावयाचे झाल्यास तो खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न म्हणूनच आपल्या दाराशी आहे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : ज्याने प्रदूषण केले, त्यानेच खर्च द्यावा. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घातक उद्योग चालविणाऱ्यास ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ असा बचाव करता येणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे.

तथापि, तत्त्व मान्य होणे आणि पैसा हाती येणे यांत मोठे अंतर असते. राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी गावी रासायनिक कारखान्यांच्या गाळामुळे विहिरी नासल्या. १९९६ साली न्यायालयाने कारखानदारांना जबाबदार धरले. पण ३७ कोटी ३८.५ लाख रुपये व्याजासह भरण्याचा आदेश व्हायला २०११ साल उजाडले. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा तर दुर्घटनेनंतर ४० वर्षांनी, २०२५ साली हलविला गेला, आणि त्याचा १२६ कोटींचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवरच पडला.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांसंबंधी स्वतंत्र नियम केले. संशयित स्थळांची माहिती स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने सहामाही कळवावयाची असून, त्यावर राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची आहे. सफाईचा खर्च दोषी व्यक्तीचा. ती सापडली नाही, तर तो शासनावर येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ खाणकामामुळे झालेले प्रदूषण या नियमांत येत नाही. वीज केंद्राच्या राखेसाठीही ३१ डिसेंबर २०२१ ची वेगळी अधिसूचना असून, वापर न झालेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई तीत सांगितली आहे. सबब, तक्रार करताना कचरा कोणता, हे आधी निश्चित करावे.

दोषी सापडणे हे पुराव्यावर अवलंबून असते आणि पुरावा गावातच असतो. विहिरीच्या पाण्याचा रंग वा वास कोणत्या तारखेस बदलला, गुरे कोठे दगावली, कोणत्या क्रमांकाचा टँकर नाल्यात रिता झाला, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावे. घातक कचरा अधिकृत केंद्राकडेच, कागदपत्रांसह गेला पाहिजे. नाल्याकाठी रिता होणारा टँकर बेकायदेशीरच होय. शिक्षकांनी नोंदींच्या कामी साह्य करावे. मंडळाकडे नमुना तपासणीची लेखी मागणी करून पोच घ्यावी. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार जलस्रोतांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेस आहे. त्याआधारे ठराव करावा.

विलंब मात्र परवडणारा नाही. भरपाई व पुनर्स्थापनेसाठी हरित लवादाकडे अर्ज करण्याची मुदत कारण प्रथम उद्भवल्यापासून ५ वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. तोंडी तक्रारींत ही वर्षे निघून गेली, तर कारखाना बंद पडतो, मालक बदलतो, आणि विष मात्र विहिरीत राहते. इरई, वर्धा व वैनगंगेच्या काठच्या गावांवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी आजच नोंदवही उघडावी, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.