देहदान : घरात बोलण्याचा विषय



मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे, ही आपल्यापैकी अनेकांची आस असते. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शरीररचना शिकावी लागते, ती मृतदेहावर. तो देह अनेकदा कोणीतरी दिलेला असतो. शिकायला आपली मुले पुढे असावीत आणि देणारे मात्र नेहमी दुसरेच असावेत, हे योग्य आहे काय?

धर्माचा प्रश्न मनात येणारच. मय्यतीची विटंबना होऊ नये, दफन लांबू नये, ही भावना मोलाची आहे आणि उलेमांतही मतभेद आहेत. तरीही १९८७ मध्ये मक्केच्या इस्लामी फिक्ह परिषदेने वैद्यकीय शिक्षणासाठी शवविच्छेदनास अटींवर मान्यता दिली. मृताची हयातीत किंवा वारसांची नंतर संमती हवी, विच्छेदन गरजेपुरतेच व्हावे, स्त्रीचा देह शक्यतो स्त्री डॉक्टरांनीच हाताळावा आणि शेवटी सर्व अवयवांचे दफन व्हावे, अशा त्या अटी आहेत.

देहदानाचा अर्ज महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. दफनाविषयी तेथेच आधी विचारून घ्यावे. परंतु मृत्यूची खबर द्यायची असते घरच्यांनी. ते राजी नसतील, तर सही केलेला कागद पेटीतच राहतो.

म्हणून मी एवढेच सांगतो : होय म्हणा की नाही म्हणा, पण घरची मंडळी एकत्र बसवा, आपल्या आलिमांचा सल्ला घ्या आणि हयातीतच ठरवा. मय्यत घरात असताना हा निर्णय मुलांवर टाकू नका.