जर्मनचे चाक



माझी आई अॅल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मनचं पातेलं’ म्हणत असे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हाच शब्द असेल. सोड्याचे पाणी लागले की हे पातेले काळवंडते आणि त्यात चिंच किंवा लिंबाची साल उकळली की पुन्हा उजळते, हे तिला पक्के ठाऊक होते. आज ज्या विषयावर बोलायला उभा आहे, त्याचे निम्मे रसायनशास्त्र त्या पातेल्यात होते.

विषय आहे जुन्या मोटारींच्या चाकांची मूळ कांती, म्हणजे कारखान्यातून निघताना चाकाच्या अंगावर जे फिनिश होते ते. लाकडी आऱ्यांची चाके, तारांची चाके, रंगवलेली पोलादी चाके, प्रत्येकाची कथा वेगळी आहे. मी एकाच चाकाबद्दल बोलणार आहे, कारण दुरुस्तीच्या कामात माझ्या हाताखालून तेच सर्वांत जास्त गेले.

ते चाक म्हणजे पोर्शे ९११ एस या गाडीचे ‘फुक्स’ चाक. जर्मनीच्या वेस्टफालिया भागात माइनर्झहागेन नावाचे गाव आहे. तिथे १९१० साली ओटो फुक्स यांचा धातूचा कारखाना सुरू झाला. पोर्शेच्या मॉडेल विभागातल्या हाइन्रिश क्ली यांनी पाच पाकळ्यांच्या फुलासारखा आकार कल्पला, फुक्सने तो धातूत आणला आणि १९६६ मध्ये हे चाक गाडीवर चढले. व्यास १५ इंच, रुंदी अवघी साडेचार इंच.

अॅल्युमिनियमची चाके त्याआधीही होती. बुगाटीने १९२४ मध्ये आपल्या ‘टाइप ३५’ गाडीला तशी चाके बसवली होती, पण ती ओतीव होती. फुक्सचे चाक घडीव. तापलेल्या गोळ्यावर प्रचंड दाब देऊन आकार काढायचा, पाकळ्यांमधली भोके पाडायची, कड फाकवून, लाटून तिची धाव करायची आणि मग कातायचे. ओतीव आणि घडीव यांतला फरक आपल्या लोहारांना सांगावा लागत नाही. घडणीत धातूचे कण आकाराच्या दिशेने वळतात, म्हणून कमी वजनात ताकद मिळते.

आता कांतीकडे येतो. या चाकाची चंदेरी कांती रंगाची किंवा क्रोमची नव्हे, तर अॅनोडायझिंगची होती. तुमच्या स्वयंपाकघरातल्या काळ्या ‘हार्ड अॅनोडाइज्ड’ कढईवर असते, त्याच कुळातले. अॅल्युमिनियम आम्लाच्या टाकीत बुडवायचे, त्याला विजेचे धन टोक जोडायचे. पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण, पारदर्शक थर तयार होतो. त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. ती गरम पाण्यात मिटवली की काम पुरे. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्ल वापरून ही रीत बसवली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवणे, हा तिचा हेतू होता. पुढे सल्फ्युरिक आम्लाची रीत रूढ झाली. जर्मन लोक अॅनोडायझिंगला ‘एलोक्साल’ म्हणतात.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. रंग अंगरख्यासारखा वरून चढतो. हा थर नखासारखा अंगातूनच येतो, कारण तो त्या धातूचाच झालेला असतो. जाडी सर्वसाधारणपणे ५ ते २५ मायक्रॉन, केसाहून कितीतरी पातळ. ओरखडा पडला तर ब्रशने भरून काढता येत नाही. नव्याने अॅनोडाइज करायचे तर जुना थर आधी समूळ काढावा लागतो आणि त्याच्याबरोबर मूळ धातूही थोडा जातो.

आणि दिसते कसे? सुरुवातीच्या फुक्स चाकांची कांती आरशासारखी नव्हतीच. ती मंद, रेशमी होती, पहाटेच्या उजेडात तळ्याचे पाणी दिसते तशी. खोलगट भागांत काळा रंग होता, तोही बिनचकाकीचा. पुढे वर्षागणिक हे बदलत गेले. ऐंशीच्या दशकात काळ्या पाकळ्या आणि चंदेरी कड अशी जोडी रूढ झाली. म्हणजे ‘मूळ कांती’ ठरवायची तर आधी चाकाचे साल कळले पाहिजे.

हे मला कळले ते एक चूक करून. पुण्यात नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झाले असेल. एका गृहस्थांनी अशी चार चाके आणली आणि म्हणाले, “आरशासारखी करून द्या.” मी ती कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सोडली. बुडबुडे फसफसून वर आले, चाके काळी पडली, नायट्रिक आम्लात पांढरी झाली. मग बफवर धरून त्यांत तोंड दिसेपर्यंत घासली आणि वर लॅकर मारला. गृहस्थ खूश होऊन गेले. पावसाळा संपता संपता ते परत आले. लॅकरखाली अळीच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या होत्या. मूळ संरक्षण मी काढून टाकले होते आणि त्याजागी वार्निशचा पापुद्रा ठेवला होता. त्या चाकांच्या मागच्या बाजूला काय ठसे होते, हे मी एकदाही पाहिले नव्हते.

पुढे काही वर्षे जर्मनीत काम केले, तिथल्या वृद्ध कारागिरांकडून शिकलो. ते चाक हातात घेतले की प्रथम उलटे करत. मागे घडणीचा महिना आणि साल उमटवलेले असते. मग मधली टोपी काढायची. तिच्याखाली, नटांच्या बैठकीच्या आसपास, तोलासाठी लावलेल्या शिशाच्या तुकड्यांखाली मूळ कांतीचा अंश शिल्लक सापडतो. तोच आपला दाखला.

मग परीक्षा. मल्टिमीटरची टोके पृष्ठभागावर हलकेच टेकवा. अॅनोडायझिंग वीज वाहू देत नाही, उघडा धातू देतो. लॅकरही वीज अडवतो, म्हणून एका कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवा. साधा लॅकर विरघळेल, अॅनोडायझिंगला काही होणार नाही. दोन मिनिटांची ही तपासणी मी तेव्हा केली असती तर ती चार चाके वाचली असती.

थर शाबूत असेल तर काम फक्त धुण्याचे. सौम्य साबण, मऊ ब्रश, डांबराच्या डागांना थोडे रॉकेल. तीव्र आम्लाचे किंवा अल्कलीचे ‘व्हील क्लीनर’ आणि घासायची पॉलिशे यांना हातही लावू नका. काळा रंग उडाला असेल तर तेवढाच भाग झाकपट्टी लावून रंगवा. वाळूचा मारा करू नका, त्याने घडणीचा पोत कायमचा जातो. पावडर कोटिंगलाही माझा विरोध आहे. जाड थराने पाकळ्यांच्या कडा बोथट होतात. शिवाय उष्णतासंस्काराने ताकद आलेला मिश्रधातू भट्टीत पुन्हा शेकणे मला धोक्याचे वाटते.

गाडी रस्त्यावर आणायची असेल तर कांतीच्या आधी तडे तपासा. रंगद्रव्याच्या चाचणीत केसाएवढी चीर दिसली, तरी ते चाक भिंतीवर टांगायचे. यात तडजोड नाही.

थर गेलाच असेल तर काय? तेव्हा नव्याने अॅनोडायझिंग करावेच लागते. पण कमीत कमी धातू काढून, मूळ मंद पोत साधून, आणि काय केले ते लिहून ठेवून. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिव्हा’ हिची ट्युरिनची सनद हेच सांगते: आधी जतन, मग गरज असेल तेवढाच जीर्णोद्धार. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांना भक्तीने ऑइलपेंट फासतात. भक्ती खरी असते, पण दगडावरचे छिन्नीचे घाव बुजतात. चाकाचेही तसेच होते. ‘नव्यासारखे’ आणि ‘मुळासारखे’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्या गॅरेजांत पहिलाच चालतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी गाडी असेल, मग ती कोणत्याही देशातली असो, तिची चाके कुणाच्या बफिंग मशीनकडे पाठवण्याआधी एक संध्याकाळ त्यांना द्या. चाक काढा, उलटे करा, मागची बाजू साबणाच्या पाण्याने धुवा आणि जे दिसेल त्याचे फोटो काढून ठेवा.