मोटारीची पहाटेची कुरबुर

थंडीच्या दिवसांत पहाटे मोटार सुरू केली की पुष्कळदा इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक ऐकू येते. मालक धास्तावतो, आणि कोणीतरी सुचवितो, 'तेल पातळ झाले आहे, जाड घाला.' सल्ला पटण्यासारखा खरा; पण बहुधा तो उलटा असतो.

रात्रभर मोटार उभी असता वंगण निथळून तळाशी उतरते. पहाटे पंप ते वर चढवीपर्यंत झडपांजवळचे भाग जवळजवळ कोरडेच चालतात. म्हणजे दोष पातळपणाचा नसून विलंबाचा आहे. आणि गारठ्याने दाटलेले जाड तेल तर अधिकच सावकाश चढते.

डब्यावर '५ डब्ल्यू-३०' किंवा '२० डब्ल्यू-५०' असे आकडे असतात. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक वाहते. पंपाने उचलण्याची मर्यादा ५ ला उणे ३५ अंश सेल्सियस, तर २० ला उणे २० अंश धरली आहे. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. पुण्यात चालून जाणारे तेल लेहला चालेलच असे नाही. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेने मुभा दिलेल्यांपैकी पहिला आकडा लहान असलेले तेल निवडावे.

तत्पूर्वी पट्टीने तेलाची पातळी पाहावी. आवाज काही क्षणांत शमला तर सहसा चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो टिकला, किंवा तेलाचा तांबडा दिवा विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करून कारागीर बोलवावा. जाड तेलाने आवाज कदाचित दबेल. झीज मात्र दबत नाही.