स्प्रिंगवरून पुन्हा हवेवर



पुण्याहून दादरला शिवनेरीनं तुम्ही कधी ना कधी गेला असाल. बस थांब्यावर उभी राहिली की दोन-तीन वेळा 'फुस्स' असा आवाज येतो. त्यातला एक ब्रेकचा, एक दरवाजाचा आणि एक बसच्या खाली असलेल्या रबरी फुग्यांचा. लाल गाडीत आपण पोलादी पाट्यांवर बसून प्रवास केला. या बसमध्ये आपण हवेवर बसलेले असतो. आज याच हवेविषयी बोलायचं आहे. बसच्या नाही, चारही चाकांना जोर असणाऱ्या गाडीच्या, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच्या.

मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहत होतो. तिथं मी अशी एक जुनी गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं तो दोष कंपनीचा नव्हता, गाडीच्या वयाचा होता आणि बराचसा माझा. गाडीला चार फुगे, हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर, हवा साठवायची टाकी, कोणत्या फुग्यात किती हवा सोडायची ते ठरवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा, प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा एक हात आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा संगणक. बटण दाबलं की गाडी चढायला-उतरायला खाली बसायची, खराब रस्त्यावर उंच व्हायची. शेजारची मुलं खास बघायला यायची.

फेब्रुवारी २००६. साताऱ्याहून आई आली होती. तिला आणि बायकोला घेऊन वेल्समधल्या डोंगरांत गेलो. परतताना अंधार पडला आणि समोर लाल दिवा लागला. गाडी हळूहळू खाली बसली ती बसलीच. फुग्यांत हवा नाही म्हणजे सगळं वजन आतल्या रबरी ठोकळ्यांवर. रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्यात जाणवत होता. सायकलवाल्याच्या वेगानं आम्ही चाळीस मैल आलो. आई मागून म्हणाली, "अरे, बैलगाडीत निदान पेंढा तरी घालतात."

घरी आल्यावर मी रागाच्या भरात एक निर्णय घेतला. हवा नकोच. बाजारात तयार संच मिळत होते: चार पोलादी कॉइल स्प्रिंगा, त्या फुग्यांच्या जागी बसवायच्या ताटल्या आणि संगणकाला 'सगळं ठीक आहे' असं खोटं सांगणारी एक डबी. एका शनिवार-रविवारात काम झालं. विमा कंपनीला बदल कळवला, दिव्यांचा झोत पुन्हा लावून घेतला, कारण गाडीची उंची बदलली की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि खरं सांगतो, तीन वर्षं मी सुखात होतो. स्प्रिंगला ना वायर, ना नळी. ती सकाळी तिथंच असते जिथं रात्री होती.

हे भांडण माझ्यापासून सुरू झालेलं नाही. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं एल्डोराडो ब्रोहॅम नावाच्या अत्यंत महागड्या मोटारीला हवेचं सस्पेन्शन दिलं. ते गळू लागलं आणि पुष्कळ मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. इंग्लंडची रेंज रोव्हर १९७० साली आली ती कॉइल स्प्रिंगांवर, आणि त्या काळात जीपसारख्या गाड्या पाट्यांवर दणदणत असताना तिचं कौतुक झालं ते याच मऊ स्प्रिंगांमुळे. मग १९९२ साली त्याच कंपनीनं त्याच गाडीला हवेचे फुगे का दिले? ज्या स्प्रिंगनं नाव कमावलं तिलाच बाजूला का केलं?

याचं उत्तर वजनात आहे. स्प्रिंग गाडीच्या वजनानं जितकी दबते, त्यावर गाडीचा झोका ठरतो. पंचवीस सेंटिमीटर दबली तर सेकंदाला साधारण एक हेलकावा. हा पाळण्यासारखा, अंगाला मानवणारा. सहाच सेंटिमीटर दबली तर सेकंदाला दोन, म्हणजे गाडी कडक. मऊ स्प्रिंग हवी तर ती दबणारी हवी. पण मग मागे चार माणसं, सामान आणि वर ट्रेलर लावला की ती आणखी दबते, गाडीचं ढुंगण टेकतं आणि दिवे आभाळाकडे बघतात. म्हणून स्प्रिंग करणारा कुठल्या तरी एका वजनाशी लग्न लावतो. रिकाम्या गाडीला ती कडक, भरलेल्याला ढिली.

फुग्याचं तसं नाही. वजन वाढलं की आणखी हवा भरायची. उंची तीच राहते, आणि दाब वाढला की फुगा त्याच प्रमाणात कडकही होतो. त्यामुळे रिकामी असो वा भरलेली, गाडीचा झोका जवळपास सारखाच राहतो. लोकांना वाटतं, हवा म्हणजे श्रीमंतांचे चोचले. खरं म्हणजे ती भार वाहणाऱ्याची सोय आहे. म्हणून तर ती ट्रक-बसमध्ये घट्ट रुजली.

हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. कळलं ते २००९ मध्ये. आई पुन्हा आली. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, गुडघे गेलेले. पूर्वी बटण दाबलं की गाडी तिच्यासाठी खाली बसायची. आता स्प्रिंगा. त्या कोणासाठी बसत नाहीत. मी डिकीत प्लास्टिकचं एक स्टूल ठेवलं. पावसात एका दुकानाच्या आवारात ते स्टूल सरकलं आणि आई पडली. मनगट मोडलं. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. उलट डॉक्टरांना म्हणाली, माझाच पाय घसरला.

त्या हिवाळ्यात मी गाडी पुन्हा हवेवर न्यायला घेतली. नशिबानं जुने भाग खोक्यात होते. व्हॉल्व्हचा ठोकळा टेबलावर उघडला. आत नखाएवढ्या रबरी कड्या, ओ-रिंगा. वयानं कडक होऊन चपट्या झालेल्या. दोन फुगेही घडीच्या जागी तडकले होते. कॉम्प्रेसर मात्र बिचारा निर्दोष होता. गळकी टाकी भरत बसल्यानं तो दमला होता, इतकंच. कित्येक जण इथंच फसतात. कॉम्प्रेसर मेला म्हणून नवा आणतात, गळती तशीच राहते आणि नवाही वर्षभरात जातो.

गळती शोधायची पद्धत आपल्या पंक्चरवाल्याचीच. तो ट्यूब घमेल्यात बुडवतो, आपण नळीच्या जोडांवर आणि फुग्याच्या घड्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा आला की चोर सापडला. संध्याकाळी चारही चाकांवरची उंची टेपनं मोजून लिहायची, सकाळी पुन्हा मोजायची. एकच कोपरा बसला असेल तर तिथला फुगा किंवा नळी तपासायची. सगळेच बसले तर ठोकळ्याकडे बघायचं. मात्र आधी संगणकाचा फ्यूज काढायचा. माझ्या गाडीचा संगणक रात्री मधूनच जागा व्हायचा आणि खचलेल्या कोपऱ्याला जुळवायला बाकीचे तीनही खाली आणायचा. पुरावाच नष्ट!

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. अशा गाडीखाली जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. मी एकदा चाक काढून आत हात घातला आणि एक नळी सैल केली. फुस्स झालं आणि क्षणात गाडीचा सांगाडा टेकला. हात नुकताच बाहेर घेतला होता म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे ते दोन्ही हातांनी हावभाव करत, रेडिओवर ते दिसत नसले तरी. सांगाड्याखाली पक्के स्टँड लावायचे, हवा पूर्ण सोडायची, मगच हात घालायचा. स्प्रिंगही गरीब नाही. दाबून धरलेली स्प्रिंग सुटली तर हाडं मोडते.

मग स्प्रिंग वाईट का? मुळीच नाही. वाळवंटात, दुर्गम भागात, जिथं सुटा भाग आठ दिवस मिळणार नाही तिथं मी आजही स्प्रिंगच निवडेन. पण ज्या गाड्यांत डाव्या-उजव्या फुग्यांमधली हवा एकमेकांत खेळवून चाकं जमिनीला धरून ठेवतात, तिथं स्प्रिंग घातली की ते कसबही जातं. आणि आपल्याकडे अशी अदलाबदल सहज करता येईल असं समजू नका. मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमानं गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंधनं घातली आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती कडक शब्दांत उचलून धरली. २००८ साली टाटांनी लँड रोव्हर घेतली, २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यातही होऊ लागली. म्हणजे काही वर्षांनी जुन्या झालेल्या, सकाळी खाली बसलेल्या अशा गाड्या आपल्या सोसायट्यांच्या आवारातही दिसतील. तेव्हा मालकाला कोणी ना कोणी सांगेलच, काढून टाका ही हवा.

माझी गाडी मी २०१६ मध्ये विकली. घेणारा तरुण होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही स्प्रिंगवर करून घ्यायला किती खर्च येईल?" मी गॅरेजमध्ये गेलो. चार स्प्रिंगा आणि ताटल्या तिथं खोक्यात पडल्या होत्या. तो खोका त्याच्या डिकीत ठेवला, वर साबणाच्या पाण्याची पिचकारी ठेवली आणि म्हटलं, "फुकट घेऊन जा. पण आधी ही मारून बघ."