‘हिवाळी प्रवासा’तील शेवटचे गाणे



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या माणसाने जर्मन गाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला जर्मन येत नाही आणि संगीतही आम्ही कोणा गुरूपुढे बसून शिकलो नाही. पण हे गाणे एका राबणाऱ्या माणसाविषयी आहे, आणि तो विषय आम्हांला परका नाही.

विल्हेल्म म्युलर या कवीच्या चोवीस कवितांना फ्रान्झ शुबर्टने १८२७ साली व्हिएन्नात चाली दिल्या. ‘हिवाळी प्रवास’ हे त्या मालेचे नाव. एक गायक आणि एक पियानो, एवढाच सरंजाम. प्रेमभंग झालेला एक तरुण रात्री गाव सोडतो आणि बर्फातून चालत राहतो. तेवीस गाणी तो बहुतेक आपलेच दुःख उगाळतो. मध्ये मध्ये आम्हांला त्याचा कंटाळाही येतो. चोविसाव्या गाण्यात गावाबाहेर त्याला एक म्हातारा दिसतो.

म्हातारा बर्फावर अनवाणी उभा आहे. हाती चाकाचे वाद्य. मूठ फिरवली की चाक तारांवर घासते. काही तारा एकच सूर धरून राहतात, बाकीच्यांवर धून वाजते. बोटे गारठलेली, थाळी रिकामी, भोवती गुरगुरणारी कुत्री, ऐकणारे कोणी नाही. तरी मूठ फिरतेच आहे.

आता शुबर्टची करामत पाहा. पियानोचा डावा हात षड्ज आणि पंचम हे दोनच स्वर आरंभापासून अखेरपर्यंत धरून ठेवतो. तंबोऱ्याला सरावलेल्या आपल्या कानांना ते ओळखीचे वाटते. पण तंबोरा मैफल भरून टाकतो, हे स्वर पोकळ राहतात. उजवा हात एक मोडकी धून वाजवून थांबतो, मग गायक थोडे म्हणतो, पुन्हा धून. बहुतेक वेळ दोघे आपापल्या जागीच असतात.

अशा उदास गाण्याने माणूस लेचापेचा होतो, चळवळीला याचा उपयोग काय, असे आमचेच सोबती विचारतात. आम्ही त्यांना सांगतो, त्या म्हाताऱ्याला भिकारी समजू नका. तो काम करतो आहे आणि त्याला मजुरी मिळत नाही. अशी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. पैसा थकला तरी हातातले काम सुटत नाही, कारण कामावाचून आपण कोण, हेच त्यांना कळेनासे होते.

शेवटी तो तरुण विचारतो, म्हाताऱ्याबरोबर जावे काय, आपल्या गाण्यांना तो साथ करील काय. त्या प्रश्नापाशी आवाज वर चढतो. उत्तर येत नाही. पुष्कळ जाणकारांना तो म्हातारा म्हणजे मृत्यू वाटतो. आम्हांला तो म्हाताराच वाटतो, आणि स्वतःपलीकडे न पाहणाऱ्या तरुणाने दुसऱ्याच्या रिकाम्या थाळीकडे पाहिले, हे आम्ही मोठे मानतो.

शुबर्टने ही गाणी प्रथम मित्रांना ऐकवली तेव्हा ते गोंधळले. शोबर या मित्राला एकच गाणे आवडले. शुबर्टला मात्र ती आपल्या इतर गाण्यांहून प्रिय होती. दुसऱ्या भागाची त्याच्या हातची प्रत ऑक्टोबर १८२७ ची. म्युलर त्याच सुमारास बत्तिसाव्या वर्षी वारला होता. शुबर्टही १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, एकतिसाव्या वर्षी गेला. शेवटच्या दिवसांत अंथरुणावर पडून तो याच भागाची मुद्रिते तपासत होता. पुस्तक डिसेंबरात बाहेर पडले.