अंगावर उठलेलं कोण सांगेल?

दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा ज्या समाजातले, तो व्हेंडा समाज. वस्ती लिम्पोपो प्रांतात, साउट्पान्सबर्ग डोंगराच्या आसपास. इथल्या जुन्या समजुतीप्रमाणे अंगावर उठलेलं सगळंच कातडीपुरतं नसतं. कधी पूर्वज रुसलेले असतात, कधी कुणी करणी केलेली असते. म्हणून वैदू, म्हणजे ‘नांगा’, फासे टाकून आधी कारण शोधतो आणि मग औषधाकडे वळतो.

औषधं मात्र रानातलीच. जमिनीवर पसरणाऱ्या डायसेरोकेरियम या वेलीच्या फळाला दोन काटे असतात. अनवाणी चालणाऱ्यांना ते चांगलेच ठाऊक! तिचा पाला पाण्यात चोळला की बुळबुळीत रस सुटतो, आपल्या भेंडीसारखा. साबण नसेल तेव्हा अंग आणि केस धुवायला तोच वापरतात. कोरफडीच्या जातीही उपयोगात आहेत. मारुला झाडाची साल तुरट. तिच्यातली टॅनिन द्रव्यं ओलसर जखम आकसायला मदत करतात, हे पटण्याजोगं आहे. करणीच्या निदानाबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

पारंपरिक वैद्यांच्या नोंदणीसाठी दक्षिण आफ्रिकेने 2007 साली कायदाही केला. तरीही चट्टा बधिर लागत असेल, तर आधी दवाखानाच गाठावा.